कॅप्टन गोपीनाथ: रणांगण, तुतीचे शेत आणि एक रुपयाचे तिकीट

रानवाट

एअर डेक्कनचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ यांचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली म्हणजे एक रुपयाचे विमान तिकीट आणि दुसरी म्हणजे ‘फौजी माणूस, शिस्त अंगात मुरलेली, म्हणून एवढे करू शकला’ हे प्रशस्तिपत्र. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीविषयी मला शंका आहे आणि ती मांडण्यासाठीच हा धागा काढत आहे.

आधी आयुष्याचा क्रम लावून घेऊ. जन्म नोव्हेंबर १९५१ चा, गाव कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातले गोरूर. वडील शिक्षक होते, शेती करत आणि लिहीतही असत. शाळा मुलांना एका साच्यात घालते असे त्यांचे ठाम मत असल्यामुळे मुलाची सुरुवातीची वर्षे घरीच शिकण्यात गेली आणि तो थेट पाचवीत शाळेत बसला. गंमत अशी की साच्याला विरोध करणाऱ्या या शिक्षकाचा मुलगा पुढे विजापूरच्या सैनिक शाळेत, तिथून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि मग देहरादूनच्या सैन्य अकादमीत, म्हणजे देशातल्या सर्वांत कडक साच्यांत एकामागून एक गेला. १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेश मुक्तीच्या युद्धाला तोंड फुटले तेव्हा या अधिकाऱ्याने नुकतीच विशी गाठली होती.

सैन्यात ते आठ वर्षे होते. अठ्ठाविसाव्या वर्षी, कॅप्टनच्या हुद्द्यावर असताना, त्यांनी नोकरी सोडली. घराण्याची जमीन हेमावती नदीवरच्या धरणात गेली होती आणि तिच्या बदल्यात जवगलजवळ कोरडे माळरान मिळाले होते. (जवगल हे नाव आपल्याला गोलंदाज श्रीनाथमुळे ठाऊक आहे.) भरपाईत मिळालेली अशी जमीन बहुतेक घरांत विकली जाते किंवा पडून राहते. गोपीनाथ त्या माळावर तंबू ठोकून राहिले. अनेक प्रयोग फसल्यावर त्यांचा जम रेशीमशेतीत बसला आणि रसायनांवरचा खर्च टाळून, निसर्गाच्या कलाने केलेल्या या शेतीसाठी त्यांना १९९६ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. मधल्या काळात त्यांनी हासनमध्ये एनफिल्ड मोटारसायकलींची विक्री केली आणि एक हॉटेलही चालवले. १९९७ साली, सैन्यात हेलिकॉप्टर उडवलेल्या एका मित्राच्या साथीने सुरू केलेल्या डेक्कन एव्हिएशनची भाड्याची हेलिकॉप्टर सेवा प्रत्यक्षात उतरली आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये एअर डेक्कनचे छोटे एटीआर विमान बंगळूरहून हुबळीला गेले.

आता मुद्दा. सैन्य सोडणे आणि पहिले हेलिकॉप्टर यांच्यामध्ये सतरा-अठरा वर्षांचे अंतर आहे. सैन्यात घालवलेल्या काळाच्या ते दुप्पट आहे. तरीही त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत ही वर्षे ‘काही काळ शेती केली’ एवढ्या वाक्यात उरकली जातात, कारण युद्ध आणि विमान या दोन्ही गोष्टी वाचायला रोमहर्षक असतात आणि तुतीचा पाला तसा नसतो. माझ्या मते सैन्याने त्यांना उडी मारण्याची सवय लावली असेल, परंतु खर्च कसा कापायचा, गिऱ्हाईक कोण आणि ते कुठे राहते, हे त्यांना जवगलच्या माळाने शिकवले. ज्याने वर्षानुवर्षे तालुक्याच्या बाजारात उठबस केली आहे, त्यालाच विमानाची तिकिटे हिंदुस्थान पेट्रोलियमच्या पंपांवर विकता येतील हे सुचू शकते. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ कंपनीचे बोधचिन्ह म्हणून घेण्याची कल्पनाही मला त्याच अनुभवातून आलेली वाटते.

सैन्यातून आलेल्या, शेती करणाऱ्या आणि हिशेबात मुरलेल्या सभासदांनी यावर लिहावे, अशी विनंती.

खंदक

पायदळातून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेला माणूस आहे, त्यामुळे ‘शिस्त’ या शब्दावर बोलण्याचा थोडा अधिकार माझ्याकडे आहे असे समजतो.

रानवाट यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पलटणीत मिळणारी शिस्त ही वेळेची, हत्याराची आणि हुकमाची शिस्त असते. पैशाची शिस्त तिथे शिकवलीच जात नाही, कारण तिची गरज पडत नाही. रेशन मागून येते, दारूगोळा मागून येतो, गाडी बिघडली तर दुरुस्त करणारे वेगळे असतात. किती खर्च झाला याची नोंद होते, पण त्यातून मिळाले काय, हे कोणी विचारत नाही आणि युद्धात ते विचारणे योग्यही नाही. असा माणूस गावी येऊन ट्रक घेतो किंवा पोल्ट्री टाकतो, तेव्हा त्याला सर्वांत आधी नडतो तो हाच संस्कार. मनात कुठेतरी त्याला वाटत असते की माल संपला की मागून येईल. पेन्शन विकून, म्हणजे तिचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी घेतलेली रक्कम, अशी धंद्यात गेलेली मी माझ्याच ओळखीत पाहिली आहे. जवानाला निवृत्तीवेळी निम्मी पेन्शन विकता येते आणि ती पूर्ववत व्हायला १५ वर्षे लागतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या चुकीची किंमत कळेल.

मात्र एक गोष्ट आपण सोडून दिली आहे. जवानाला १५ वर्षांच्या आणि अधिकाऱ्याला २० वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते. आठ वर्षांत बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती ती लागत नाही. म्हणजे गोपीनाथ बाहेर आले ते दरमहा येणाऱ्या आधाराशिवाय आले. आमच्यासारख्यांच्या मागे पेन्शन असते म्हणून आम्ही सुरक्षारक्षकाच्या नोकरीत समाधान मानतो. हे मी कमीपणाने लिहीत नाही, त्या नोकरीवर माझ्या गावातली कित्येक घरे उभी आहेत. पण मागे काहीच नसणे ही गोष्ट माणसाला वेगळ्या वाटेने नेते, आणि ती वाट त्यांनी स्वतः निवडली होती.

राहिला युद्धाचा प्रश्न. १९७१ चे युद्ध १३ दिवसांत संपले. वीस वर्षांच्या पोराच्या हाताखाली त्याच्याहून वयाने मोठे, दाढीमिशा पिकलेले सुभेदार आणि हवालदार असतात. अशा वेळी हुद्दा खांद्यावर असतो, पण अनुभव समोरच्याकडे असतो. चांगला अधिकारी तिथे एक गोष्ट शिकतो: ज्याला काम येते त्याला विचारायचे आणि निर्णयाची जबाबदारी मात्र स्वतःकडे ठेवायची. विमानातले फारसे काही माहीत नसताना विमान कंपनी काढणाऱ्याला हीच गोष्ट उपयोगी पडली असणार. तेव्हा सैन्याचे श्रेय अगदीच काढून घेऊ नका.

कोषकार

आमच्याकडे, जालन्याच्या बाजूला, तुती आणि रेशीम आहे. म्हणून गोपीनाथांच्या ज्या वर्षांना लेखांत एक ओळ मिळते, त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो.

रेशमाचे पीक बाहेरून सोपे दिसते. अंडीपुंज आणायचे, अळ्या निघाल्या की पाला घालायचा, चौथी कात टाकून अळी पाचव्या अवस्थेत गेली की आठवडाभर भरपूर खाऊ घालायचे आणि मग चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठीच्या जाळीवर, सोडायचे. महिनाभराच्या आत कोष हातात येतो. परंतु सगळी मेख त्या शेवटच्या आठवड्यात असते. अळी आयुष्यभरात जेवढा पाला खाते त्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला ती या पाचव्या अवस्थेत खाते. संगोपनगृहात त्या दिवसांत उभे राहिले तर पत्र्यावर पाऊस पडावा तसा पाला कुरतडल्याचा आवाज येत असतो. त्या आठवड्यात पाला कमी पडला तर कोष पातळ येतो आणि भाव पडतो. उलट पाला जास्त तोडला तर तो संध्याकाळपर्यंत सुकतो आणि सुकलेला पाला अळी तोंडात धरत नाही. म्हणजे पाला तोडला की तो त्याच दिवशी कामी आला पाहिजे, उद्यासाठी त्याची किंमत शून्य.

विमानातल्या रिकाम्या आसनाचेही असेच असते. दार बंद झाले की त्या आसनाचे मोल संपले. मग ते आधी एक रुपयाला दिले तरी तोटा कसला, हा विचार शाळेत शिकलेल्या माणसाला हिशेब मांडून समजावून द्यावा लागतो. ज्याने सुकलेला पाला उकिरड्यावर टाकला आहे, त्याला तो समजावावा लागत नाही. गोपीनाथांनी हे नेमके याच मार्गाने ओळखले, असा माझा दावा नाही. पण रानवाट यांच्या मांडणीला या बाजूने बळ मिळते, एवढे नक्की.

दुसरे असे की रासायनिक फवारणी टाळणे हा रेशीमवाल्यासाठी आदर्शवाद नसतो. तुतीवर किंवा शेजारच्या रानात कीटकनाशकाची फवारणी झाली आणि तो पाला अळ्यांच्या पोटात गेला, तर अख्खी बॅच हातची जाते. त्यामुळे निसर्गाच्या कलाने जाणे हा इथे सरळ खर्चाचा आणि नुकसान टाळण्याचा भाग आहे. पुरस्काराच्या बातमीत ती गोष्ट तत्त्वज्ञानासारखी दिसते, शेतावर ती रोजची काळजी असते.

ताळेबंद

चर्चा रंगली आहे, परंतु एअर डेक्कनचे अर्थकारण तुतीच्या पाल्यावर तोलणे मला धाडसाचे वाटते. काही ठोस बाबी मांडतो.

एटीआर विमाने निवडण्यामागे छोट्या गावांवरचे प्रेम होतेच, पण कर आणि शुल्कही होते. विमानाच्या इंधनावर राज्ये विक्रीकर लावत आणि बऱ्याच राज्यांत तो २५ टक्क्यांच्या पुढे असे. चाळीस हजार किलोंपेक्षा कमी वजनाच्या विमानांना मात्र हा कर ४ टक्केच लागत होता. शिवाय ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानांना विमानतळावर उतरण्याचे शुल्क माफ झाले. म्हणजे मोठ्या कंपन्या ज्या दोन खर्चांखाली दबलेल्या होत्या, ते दोन्ही खर्च छोट्या विमानाला जवळपास नव्हते. त्यात फुकटचे जेवण बंद, एकच वर्ग, विमान उतरल्यावर लवकरात लवकर पुन्हा उडवायचे आणि तिकिटे एजंटाला डावलून थेट विकायची. ही सगळी सूत्रे अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या स्वस्त विमानसेवांनी आधीच सिद्ध केलेली होती. गोपीनाथांचे श्रेय ती भारतात सर्वांत आधी आणि छोट्या शहरांपर्यंत आणण्यात आहे.

घसरण सुरू झाली ती वाढीच्या वेगामुळे. एटीआरच्या जोडीला १८० आसनांची एअरबस ३२० विमाने आली, म्हणजे दोन प्रकारचे वैमानिक, दोन प्रकारचे सुटे भाग आणि दोन प्रकारची देखभाल. स्वस्त विमानसेवेचा पहिला धडाच एका प्रकारच्या विमानाचा असतो. पुढे २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर, तर २००६ मध्ये इंडिगो आली. इंडिगोने उड्डाण सुरू करण्याआधीच शंभर विमानांची मागणी नोंदवून ठेवली होती. सगळ्यांनीच भाडी पाडली. एअर डेक्कनची समभाग विक्रीही नेमकी २००६ च्या मे महिन्यात, बाजार कोसळत असताना आली. साठहून अधिक शहरे जोडणारी कंपनी पैशांवाचून अडली आणि २००७ साली विजय मल्ल्या यांच्या समूहाने तिचा २६ टक्के हिस्सा सुमारे ५५० कोटी रुपयांना घेतला. पुढच्याच वर्षी तिचे नाव किंगफिशर रेड झाले आणि २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशरची सगळीच विमाने जमिनीवर आली.

खंदक यांनी पलटणीविषयी जे लिहिले, ते मला या ठिकाणी आठवते. मागून रसद येईल हा भरवसा. आघाडी वाढवत नेली आणि रसद तुटली. रानवाट म्हणतात त्याप्रमाणे शेताने जर खर्चाचे भान शिकवले असेल, तर ते भान ४५ विमानांच्या पातळीवर कुठे गेले, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

रानवाट

ताळेबंद यांचा प्रश्न बिनतोड आहे. माझे उत्तर एवढेच की शेताने शिकवलेले भान हे स्वतःच्या हाताखालच्या कामाचे असते. माळरानावर मालक रोज बांधावरून फिरतो. दर थोड्या दिवसांनी नवे विमान दाखल होत असताना बांधावरून फिरणे शक्य नसते. त्या टप्प्यावर लागणारे कौशल्य ना सैन्याने दिले होते ना शेताने.

गोपीनाथांच्या आयुष्यावर बेतलेल्या ‘सूरारई पोट्रु’ या तमिळ चित्रपटामुळे झालेला एक गैरसमजही दूर करतो. पडद्यावरचा नायक हवाई दलातून आलेला दाखवला आहे. प्रत्यक्षात गोपीनाथ भूदलाचे. विमान उडवणे हा त्यांचा पेशा कधीच नव्हता.

अंगणवेल

धाग्यात युद्ध झाले, शेती झाली, कर झाले. घर राहिले.

अशा चरित्रांत पत्नी ‘खंबीर साथ’ या दोन शब्दांत संपते, हे मला नेहमीच खटकते. गोपीनाथांच्या बाबतीत लग्नानंतर भार्गवी त्याच दूरच्या शेतावर राहायला आल्या. सैन्याचा तंबू एकट्या माणसाला शोभतो, पण संसार आणि पुढे दोन मुली आल्या की तोच माळ वेगळा दिसू लागतो. मुलींची शाळा किती लांब, रात्री कोणी आजारी पडले तर जायचे कुठे, या प्रश्नांची उत्तरे पुरस्कारपत्रात नसतात. भार्गवी यांनी पुढे बेकरीचा स्वतःचा व्यवसाय उभा केला. एका घरात एक जण दर काही वर्षांनी नवीन धंदा सुरू करत असताना दुसऱ्याने पाव आणि बिस्किटांसारखा रोज विकला जाणारा माल धरून ठेवणे, हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही, पण हे माझे अनुमान आहे.

तुलनेसाठी आणखी एक फौजी उद्योजक आठवतात, कॅप्टन कृष्णन नायर. मूळचे कण्णूरचे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात दाखल झालेले. सैन्य सोडल्यावर ते सासऱ्यांच्या हातमागाच्या व्यवसायात शिरले, तिथून लेसच्या निर्यातीत गेले आणि वयाची साठी ओलांडल्यावर, १९८६ साली, त्यांचे मुंबईतल्या विमानतळाजवळचे पहिले मोठे हॉटेल उघडले. लेसच्या कारखान्यालाही आणि हॉटेलांनाही त्यांनी पत्नीचे नाव दिले, लीला. इथे घर हे धंद्याच्या मागे उभे नव्हते, धंदाच घरातून निघाला होता. गोपीनाथांच्या वाट्याला असा तयार आधार नव्हता. या दोघांना एकाच ‘शिस्तप्रिय फौजी’ या चौकटीत बसवले की हा फरक दिसेनासा होतो.

ताळेबंद

नायर यांच्या हॉटेलांवरही कर्जाचा डोंगर झाला आणि त्यांच्या निधनानंतर काही वर्षांनी, २०१९ साली, त्यांपैकी प्रमुख हॉटेले ब्रुकफिल्ड या कॅनडाच्या कंपनीला ३,९५० कोटी रुपयांना विकावी लागली. घरातून निघालेला धंदाही रसदीच्या प्रश्नातून सुटत नाही, एवढीच भर घालतो. बाकी अंगणवेल यांच्याशी सहमत आहे.

खानदेशी पाहुणा

आमच्या भागाचा उल्लेख राहून जातो आहे. गोपीनाथ २००७ नंतर थांबले नाहीत. २००९ मध्ये त्यांनी बंगळूर दक्षिण मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभा लढवली आणि ते हरले. त्याच वर्षी डेक्कन ३६० ही मालवाहतूक सेवा सुरू केली. देशाच्या मध्यभागी म्हणून तिचे केंद्र नागपूरला ठेवले होते. रात्री सर्व दिशांनी विमाने नागपुरात उतरावीत, मालाची अदलाबदल व्हावी आणि पहाटेपर्यंत ती परत जावीत, अशी ती कल्पना. कल्पना उत्तम होती, पण पुरेसा माल आला नाही आणि दोन वर्षांच्या आत ती सेवा बंद पडली.

मग २०१७ च्या डिसेंबरात, छोटी शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत, एअर डेक्कन हेच नाव पुन्हा आले आणि १९ आसनांच्या छोट्या विमानाने मुंबई ते जळगाव सेवा सुरू झाली. नाशिकही जोडले गेले, पुढे कोल्हापूर. जळगावला नियमित विमान येणार ही गोष्टच आमच्याकडे अप्रूपाची होती. दुर्दैवाने सेवा अनियमित राहिली आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, कंपनीने सगळी उड्डाणे थांबवली. पासष्टी ओलांडलेल्या माणसाने आधीच्या दोन फटक्यांनंतर पुन्हा याच धंद्यात का पडावे, हे मला अजून उमगलेले नाही. खंदक यांना काय वाटते?

खंदक

मला विचारलेत म्हणून सांगतो. पेन्शन नसलेला फौजी निवृत्त होत नाही. ज्याला दरमहा बँकेत रक्कम येते, त्याच्या आयुष्यात एक तारीख अशी असते की जिच्यानंतर तो स्वतःला निवृत्त म्हणवतो. त्यांच्या आयुष्यात तशी तारीखच आली नाही. याला कोणी जिद्द म्हणेल, कोणी हट्ट. त्यांच्या घरच्यांना काय वाटत असेल, ते अंगणवेल यांनीच सांगावे.

ताळेबंद

जळगावच्या सेवेबाबत मात्र सगळे खापर कंपनीवर फोडू नये. १९ आसनांचे विमान उतरायला आणि मोठे जेट उतरायला धावपट्टीवर लागणारा वेळ साधारण सारखाच. मुंबईच्या विमानतळावर मोठ्या विमानांनाच वेळा मिळत नव्हत्या, तिथे या छोट्या विमानाला सोयीची वेळ कोण देणार? प्रवाशाला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता आले नाही तर तो रेल्वेनेच जातो. जळगाव तर रेल्वेचे मोठे स्थानक आहे आणि रात्री गाडीत बसले की सकाळी मुंबई येते.

खानदेशी पाहुणा

हे खरे आहे. आमच्याकडचे व्यापारी आजही रात्रीच्या गाडीनेच जातात.